मागच्या एक्सलचं ऑइल सील आणि बेअरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या चाकातून तेल गळण्याचा प्रश्न जुन्या गाडीवाल्यांकडून वर्षभर येत असतो, आणि पाऊस सुरू झाला की जास्तच येतो. विचारणाऱ्यांच्या गाड्या मुख्यतः पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडर, मधूनच एखादी हेराल्ड किंवा जीप. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नट किती घट्ट करायचा, शिम (फट भरायची पातळ चकती) किती जाडीची लावायची हे आकडे मात्र आपापल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. मिस्त्रींच्या तोंडी चालत आलेले आकडे प्रत्येक गाडीला लागू पडत नाहीत.

१. मागच्या एक्सलमध्ये सील आणि बेअरिंग नेमकं करतं काय?

इंजिनची ताकद मधल्या डिफरेन्शियलपर्यंत (दोन मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीपर्यंत) येते आणि तिथून दोन हाफ शाफ्ट ती चाकांपर्यंत नेतात. चाकाजवळचं बेअरिंग गाडीचा भार झेलतं आणि चाकाला फिरू देतं. डिफरेन्शियलमधलं जाड तेल एक्सलच्या नळीतून चाकाकडे सरकत असतं. ते ब्रेकच्या ड्रममध्ये शिरू नये म्हणून ऑइल सील. पत्र्याच्या कडीत बसवलेला रबराचा पातळ ओठ आणि त्याला आवळून धरणारी बारीक स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. हा ओठ ज्यावर घासतो तो पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि शाफ्ट नीट मध्यावर फिरत असेल, तोवरच सील टिकतं. पुढची निम्मी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते. गिअर ऑइल आहे की ब्रेक ऑइल, कसं ओळखू?

वाटीभर पाण्यात दोन-चार थेंब टाका. गिअर ऑइल वर तरंगतं, तवंग धरतं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. (सिलिकॉनचं डॉट ५ याला अपवाद, पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत ते क्वचितच भेटतं.) वासानेही कळतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो आणि तो हाताला दोन दिवस राहतो.

ब्रेक ऑइल निघालं तर व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) गळतोय. हे पान बाजूला ठेवा, गाडी जागची हलवू नका आणि आधी ब्रेकचं काम करा.

३. तेल गळतंय म्हणजे सील खराब झालं. नवं टाकलं की काम संपलं ना?

बहुतेक जण इथेच फसतात. नवं सील टाकतात, महिन्याभरात पुन्हा गळती, मग ‘हल्ली माल चांगला येत नाही’ म्हणून दुकानदाराला शिव्या. सील स्वतःहून मरतं ते म्हातारपणाने, रबर कडक होऊन. एरवी त्याला कुणीतरी मारलेलं असतं, आणि तो कोण ते शोधल्याशिवाय नव्या सीलवर पैसे घालू नयेत.

आधी ब्रीदर पाहा (प्रश्न ४). मग तेलाची पातळी. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून बुचाच्या वर भरलेलं तेल चाकाकडेच वाट शोधतं. त्यानंतर बेअरिंग. त्यात ढिलाई आली की शाफ्ट मध्यावर फिरत नाही, थोडा भोवंडतो, आणि सीलच्या ओठाला एका बाजूने दाब तर दुसऱ्या बाजूने फट मिळते. अशा शाफ्टवर जगातलं कुठलंही सील टिकणार नाही. शेवटी ओठ जिथे घासतो तिथे चर पडलाय का ते पाहा (प्रश्न १५).

आणखी एक खास आपल्याकडचं कारण. गल्लीत जागा नाही म्हणून अर्धी गाडी फूटपाथवर चढवून ठेवायची सवय. एका बाजूला कललेल्या गाडीत सगळं तेल खालच्या चाकाकडे उतरतं आणि रात्रभर सीलला टेकून बसतं. थकलेलं सील सपाट जागी आणखी वर्षभर निभावलं असतं, ते असं आधीच हार मानतं. गळती नेमकी फूटपाथच्या विरुद्ध बाजूच्या चाकातून असेल तर एकदा गाडी उलट तोंडाने उभी करून बघा.

४. ब्रीदर म्हणजे काय आणि तो कुठे असतो?

एक्सलच्या केसिंगवर, सहसा वरच्या अंगाला, टोपीसारखा छोटा भाग किंवा बारीक भोकाचा बोल्ट दिसेल. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, हवा फुगते आणि या भोकातून बाहेर पडते. भोक बंद असेल तर तोच दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. मुंबईची धूळ, पावसाचा चिखल आणि वरून मारलेलं अंडरकोटिंग असा तिहेरी लेप ब्रीदरवर बसलेला असतो. काही गाड्यांत तर तो अंडरकोटिंगखाली पार गाडला गेलेला सापडतो.

तारेने मोकळा करा, रॉकेलमध्ये धुवा, फुंकून बघा. पाच मिनिटांचं, बिनपैशाचं काम आहे. सीलचं काम काढण्याआधी ते करून आठवडाभर गाडी चालवून बघावी.

५. मागून घूंऽऽ असा आवाज येतो. बेअरिंगच गेलं असेल का?

असेलच असं नाही. टायर, चाकाचं बेअरिंग आणि क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी) हे तिघंही साधारण त्याच सुरात गातात. वेगळे काढण्यासाठी एका वेगात सलग चालवता येईल असा रस्ता हवा, म्हणजे सकाळी लवकर कोस्टल रोड किंवा ईस्टर्न फ्रीवे.

काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा, असं असेल तर क्राउन-पिनियनकडे बोट जातं. अ‍ॅक्सिलरेटरचा परिणाम नाही, फक्त वेगाबरोबर चढतो-उतरतो आणि लांब वळणावर कमी-जास्त होतो, तो चाकाच्या बेअरिंगचा. वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय सहसा उजव्या बाजूवर.

खात्रीसाठी गाडी स्टँडवर घेऊन, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक मोकळा करून चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात लीफ स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळव्याला स्पष्ट कळते. एक चाक वर उचलून इंजिनवर फिरवण्याचा शॉर्टकट करू नका. गाडी जॅकवरून उतरू शकते.

६. थोडंसंच गळतं. पावसाळा संपेपर्यंत चालवली तर?

ओल बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या चकतीच्या) बाहेरच्या अंगाला असेल आणि ड्रम काढून लायनर (ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे) कोरडे दिसले, तर पातळीवर लक्ष ठेवून काही दिवस निभावतं. लायनरला तेल लागलं असेल तर नाही. एका मागच्या चाकाचा ब्रेक लागत नाही आणि दुसऱ्याचा कचकन लागतो, अशी गाडी ओल्या रस्त्यावर गोल फिरते. बेअरिंगचा आवाज येत असेल तर एक दिवसही नाही. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

७. माझ्या गाडीचा एक्सल कोणत्या प्रकारचा आहे?

पद्मिनी मुळात फियाट ११०० डी. तिच्या कुळात हाफ शाफ्टच्या बाहेरच्या टोकावर बेअरिंग दाबून बसवलेलं असतं आणि चाकाचं सगळं वजन शाफ्टवरच येतं. याला सेमी-फ्लोटिंग म्हणतात. अ‍ॅम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ ची वारसदार. तिच्या जुन्या एक्सलमध्ये बेअरिंग हबमध्ये असतं, हब केसिंगच्या नळीवर बसतो आणि शाफ्ट मुख्यतः चाक फिरवतो. ही थ्री-क्वार्टर फ्लोटिंग. हेराल्ड आणि बऱ्याच जुन्या जीपमध्ये शाफ्टचं टोक निमुळतं असून हब त्यावर चावीने (खाचेत बसणाऱ्या पोलादी तुकड्याने) अडकवलेला असतो (प्रश्न २२).

पण इतक्या वर्षांत कुणी कुठला एक्सल टाकला असेल याचा भरवसा नाही. ड्रम काढून बघा. शाफ्टच्या चकतीला भोकं असून त्यातून मागचे चार नट दिसत असतील तर सेमी-फ्लोटिंग. चकती एक-दोन स्क्रूंनी हबला धरलेली असेल तर थ्री-क्वार्टर. मधोमध मोठा नट आणि स्प्लिट पिन असेल तर निमुळता शाफ्ट.

८. ड्रम निघतच नाही. हातोडा मारू का?

आधी हँडब्रेक सोडलाय का बघा. हसू नका, हे होतं. मग ब्रेकचं अ‍ॅडजस्टर पूर्ण मागे घ्या. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून ओठ तयार झालेला असतो आणि शू (लायनर लावलेले ब्रेकचे अर्धगोल तुकडे) त्यात अडकतात. धरून ठेवणारे स्क्रू काढल्यावर बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं सापडतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. मारायचंच तर लाकडी किंवा तांब्याच्या हातोड्याने, चकतीच्या भागावर, गोल फिरत. कडेवर मारलेला घाव बीडाचा ड्रम तडकवतो.

९. चार नट काढले तरी पद्मिनीचा हाफ शाफ्ट जागचा हलत नाही. काय करू?

बेअरिंगची बाहेरची रिंग केसिंगमध्ये गंजून धरलेली असते. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मग गॅरेजमधली जुनी युक्ती. काढलेला ड्रम उलटा करून चाकाच्या बोल्टवर सैल लावा, नट टोकाशी ठेवा आणि ड्रम दोन्ही हातांनी आपल्याकडे झटक्याने ओढा. ड्रम नटांवर आपटतो आणि तो धक्का शाफ्टला सरळ रेषेत बसतो. चकतीच्या मागे टॉमी (लोखंडी दांडा) घालून पिळू नका. चकती वाकली की पुढे ब्रेक थरथरतो आणि त्याचा दोष ड्रमवर जातो.

शाफ्ट बाहेर येताना खाली ट्रे ठेवा. पाठोपाठ तेल येतं.

१०. मिस्त्री म्हणतो, कॉलर गॅसने कापून नवीन बेअरिंग ठोकतो. बरोबर आहे का?

दोन्ही चूक. थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण या पानावर सगळ्यात जास्त जिवाशी गाठ इथेच आहे.

सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये रिटेनर प्लेट बेअरिंगला केसिंगमध्ये धरते आणि शाफ्टवर घट्ट बसवलेली पोलादी कॉलर शाफ्टला बेअरिंगमध्ये धरते. बस, एवढंच. कॉलर सरकली की शाफ्ट, ड्रम आणि चाक असा सगळा जुडगा चालत्या गाडीतून बाहेर येतो. बेअरिंग सुकून जाम झालं की त्याची आतली रिंग शाफ्टवर फिरू लागते आणि कॉलरला घासून सैल करते. म्हणून खरखरणारं बेअरिंग घेऊन एक दिवसही फिरू नये.

कॉलर काढताना गॅसची ज्योत शाफ्टवर पडली तर तिथलं पोलाद मऊ पडतं आणि पुढे तिथेच तुटतं. योग्य पद्धत अशी. ग्राइंडरने कॉलरवर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने चर पाडा, पण आरपार नको, शेवटचा एखादा मिलिमीटर राहू द्या. मग त्या चरात धारदार छिन्नी ठेवून एकच जोरदार घाव. कॉलर टण्णकन तडकते आणि हाताने निघते. चष्मा लावा. मग बेअरिंग प्रेसखाली किंवा पुलरने काढा.

बसवताना क्रम जपा. आधी रिटेनर प्लेट (विसरली तर सगळं पुन्हा कापावं लागतं आणि गॅरेजात हे नेहमी घडतं), मग तुमच्या रचनेत त्या जागी सील असेल तर ते, मग बेअरिंग, शेवटी नवी कॉलर. प्रेसचा दाब बेअरिंगच्या आतल्या रिंगवरच यायला हवा. बाहेरच्या रिंगवर दाबलं तर गोळ्यांचे ठसे आत उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. बेअरिंग तापवून बसवायचं असेल तर १२० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नका. सीलबंद असेल तर तापवूच नका.

कॉलर मात्र तापवायची असते, साधारण ३०० अंशांपर्यंत. ३५ मिलिमीटर भोकाची कॉलर एवढी तापली की भोक सुमारे ०.११ मिलिमीटरने वाढतं आणि ती शाफ्टवर सरकते. तापमान मोजायला काही नसेल तर कॉलरची कड आधी घासून चकचकीत करा. तापताना तिच्यावर पिवळसर, मग जांभळट, मग निळी झाक येते. निळी दिसली की थांबा. लाल होऊ देऊ नका. चिमट्याने उचलून झटक्यात शाफ्टवर टाका, बेअरिंगला टेकवा आणि पकड घेईपर्यंत नळीने दाबून धरा. काही सेकंदांचा खेळ असतो, म्हणून नळी आधीच हाताशी हवी.

थंड कॉलर प्रेसने बसवत असाल तर प्रेसच्या घड्याळाकडे बघा. काटा फारसा हलला नाही आणि कॉलर सरकत गेली, तर ती सैल आहे. ती कॉलर किंवा तो शाफ्ट बाद. जुनी कॉलर पुन्हा वापरणं तर विषयच नाही.

११. अ‍ॅम्बॅसडरला कॉलर नाही. मग तिथे काय सांभाळायचं?

तीन गोष्टी. पहिली, हबचा मोठा अष्टकोनी नट. त्याच्या वॉशरचा दुमडलेला कान आधी उलगडा आणि ताकद लावण्यापूर्वी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते नीट बघा. या घराण्यातल्या काही एक्सलवर डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो. छिन्नीने ठोकून ठोकून कोपरे मारलेले नट सर्रास दिसतात. योग्य सॉकेट भाड्याने मिळालं तरी घ्यावं.

दुसरी, शाफ्टची चकती आणि हब यांच्यामधलं कागदी पॅकिंग, काही एक्सलमध्ये सोबत रबरी रिंग. गळती इथूनही होते आणि आळ सीलवर येतो. दर वेळी नवं टाका.

तिसरी गोष्ट फारशी कुणी तपासत नाही. पॅकिंग ठेवल्यावर बेअरिंगचा स्पेसर हबच्या तोंडापेक्षा ०.०२५ ते ०.१० मिलिमीटर वर राहायला हवा, म्हणजे चकती आवळल्यावर बेअरिंग दाबून धरलं जातं. घरी कापलेलं जाड पॅकिंग टाकलं की हा दाब नाहीसा होतो, हब बेअरिंगवर किंचित डुलतो आणि नवं सील पुन्हा गळतं.

१२. जुन्या बेअरिंगवरचा नंबर पुसलाय. नवं कसं आणि कुठून घेऊ?

आतलं भोक, बाहेरचा व्यास आणि रुंदी व्हर्नियरने मोजा. साध्या बॉल बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे भोक. ६२०७ चं भोक ३५, बाहेरचा व्यास ७२, रुंदी १७ मिलिमीटर. ६३०७ चं भोक तेच, पण बाहेरून ८० आणि रुंदी २१. इंग्लंडहून आलेल्या रचनांमध्ये मापं इंचातही असतात, तेव्हा ‘जवळपास बसतं’ या शब्दावर जाऊ नका.

मुंबईत बेअरिंग आणि सीलसाठी नागदेवी स्ट्रीट. गाडीचे खास भाग, म्हणजे शाफ्ट, हब, रिटेनर प्लेट, यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ग्रँट रोड-ऑपेरा हाउसची दुकानं. जुना तुकडा सोबत न्या. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची आणि तिची काळी-पिवळी टॅक्सी थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, त्यामुळे तिचे भाग अजून निघतात. मात्र टॅक्सीतून उतरलेला शाफ्ट घेताना प्रश्न १५ आणि १६ वाचून जा.

नकली बेअरिंगचा सुळसुळाट आहे. खोक्याची छपाई, बेअरिंगवर कोरलेली अक्षरं आणि भाव, तिन्ही पाहा. एसकेएफचं तपासणीसाठी स्वतःचं ऑथेंटिकेट अ‍ॅप आहे.

१३. एका दुकानात जुन्या साठ्यातलं, कंपनीच्या पुडीतलं ‘ओरिजिनल’ सील मिळालं. घेऊ का?

पुडी आठवण म्हणून घ्या. सीलचं रबर ठेवल्या ठेवल्याही म्हातारं होतं. नखाने ओठ दाबून बघा. लवचिक नसेल, बारीक भेगा दिसत असतील किंवा स्प्रिंगला गंज असेल तर ते गाडीत घालायचं नाही. त्याच मापाचं आजचं नायट्राइल रबराचं सील केव्हाही बरं. बेअरिंगचं उलट आहे. तेलकागदात नीट गुंडाळलेलं, न गंजलेलं जुनं बेअरिंग मिळालं तर जरूर घ्या. धुऊन नवं ग्रीस भरा.

१४. दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंग घातलं तर ऑइल सील लागणारच नाही, हे खरं का?

नाही. बेअरिंगचं रबर धूळ बाहेर आणि ग्रीस आत ठेवण्यापुरतं असतं. शिवाय तेल बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगभोवतूनही वाट काढतं. सीलबंद बेअरिंग जरूर वापरा, पण ऑइल सीलसकट.

१५. सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर चर पडलाय. शाफ्ट बदलू?

आधी ओठ नेमका कशावर चालतो ते बघा. काही रचनांत तो कॉलरवर चालतो, मग नवी कॉलर टाकली की प्रश्न मिटला. शाफ्टवर किंवा केसिंगच्या नळीवर चालत असेल तर नखाने तपासा. चरात नख अडकलं की नवं सील तिथे टिकणार नाही.

स्वस्त उपाय म्हणजे सील थोडं कमी खोल बसवणं. दीड-दोन मिलिमीटरने ओठाला कोरी जागा मिळते. त्या नादात तेल परतायचं भोक झाकलं जात नाही ना ते बघा. चांगला उपाय म्हणजे दुरुस्तीची पातळ स्लीव्ह, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. ती शाफ्टवर चढवली की त्याच मापाचं सील चालतं. लेथवर चर घासून शाफ्ट बारीक करणं हा उपाय नव्हे. माप बदलतं आणि शाफ्टही कमकुवत होतो.

१६. बेअरिंग शाफ्टवर हाताने बसतंय. पंचाचे ठिपके मारून घट्ट केलं तर?

मुंबईतल्या टॅक्सी याच विद्येवर धावल्या, पण ठिपक्यांची टोकं काही दिवसांत चपटी होतात आणि बेअरिंग पुन्हा मोकळं. ढिलाई मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांची असेल तर बेअरिंगसाठी रिटेनिंग कंपाउंड (धातूचे भाग धरून ठेवणारा चिकट द्राव) चालतं. कॉलरसाठी मुळीच नाही. त्याहून जास्त असेल तर हार्ड क्रोम (क्रोमचा कडक थर) करून ग्राइंडिंग, तेही काम जाणणाऱ्याकडून, नाहीतर दुसरा शाफ्ट. वेल्डिंगने भरून लेथवर उतरवलेला हाफ शाफ्ट वेल्डच्या कडेला तडा धरतो. जुन्या बाजारातला शाफ्ट घेताना बेअरिंगच्या जागेशेजारी रंग किंवा पोत वेगळा दिसला तर परत ठेवा.

१७. एकाच बाजूचं करू की दोन्ही?

सील दोन्ही बाजूंचं. एकाच वयाची असतात आणि तेल तसंही बदलायचंच आहे. बेअरिंग ज्या बाजूचं गेलंय तिथलं, दुसरं नीट असेल तर राहू द्या. पुराच्या पाण्यातली गाडी असेल तर दोन्ही (प्रश्न १९).

१८. लायनर तेलाने भिजलेत. पेट्रोलने धुऊन किंवा जाळून चालतील का?

चालणार नाहीत. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं. धुतलेला लायनर पहिल्या दोन ब्रेकला बरा वाटतो, तापला की तेल पुन्हा वर येतं. चारही मागचे शू एकदमच बदला, एका चाकाचे नवे आणि एकाचे जुने नको. ड्रम आणि बॅकप्लेट ब्रेक क्लीनरने पुसा. बॅकप्लेटच्या खालचं तेल निचऱ्याचं भोक मोकळं करा, म्हणजे पुढच्या वेळी तेल लायनरवर न जाता बाहेर टपकेल आणि तुम्हाला वेळेत कळेल. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते, म्हणून ती धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपा.

१९. गाडी दादरला हिंदमातेच्या तुंबलेल्या पाण्यातून काढली. एक्सलचं काही बघायला हवं का?

हवं, त्याच आठवड्यात. तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढलं जातं. सील तेल अडवायला केलेलं असतं. बाहेरून येणारं पाणी त्याच्या ओठाला सहज उचलतं. तळाचं बूच किंचित सैल करून पहिले थेंब बघा. पाणी जड, तेच आधी येईल. तेल दुधाळ, कटिंग चहाच्या रंगाचं झालं असेल तर सगळं काढा, नवं भरा, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा बदला.

नुसती पाण्यातून गेलेली गाडी आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी यांत फरक आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कित्येक गाड्या रात्रभर पाण्यात होत्या. अशा बेअरिंगमध्ये गोळी जिथे टेकून राहते तिथे गंजाचा ठिपका पडतो आणि आवाज काही महिन्यांनी सुरू होतो. ती बेअरिंगं आवाजाची वाट न बघता बदलावी.

२०. तेल कोणतं आणि किती?

या काळातल्या बहुतेक एक्सलमध्ये हायपॉइड गिअर असतात, त्यांना ईपी (जास्त दाब सोसणाऱ्या) प्रकारचं एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० तेल लागतं. एक्सलला जीएल-५ दर्जाचं तेल चालतं. तेच उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. गाडी सपाट जागी उभी करून भरायच्या बुचातून ओघळेपर्यंत भरा, ओघळ थांबला की बूच लावा. आणि जुनं तेल काढण्याआधी भरायचं बूच उघडतं का ते पाहा. रिकामा एक्सल आणि न उघडणारं बूच ही फार वाईट जोडी आहे.

२१. सगळं केलं, तरी नवं सील आठवड्यात गळतंय. आता?

प्रश्न ३ मधली कारणं तपासून झाली असतील तर चूक बसवण्यात आहे. स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी. उलटं बसलेलं सील तेल अडवत नाही. एका बाजूने ठोकल्यामुळे तिरपं बसलं का? त्याच व्यासाची नळी किंवा जुनी बेअरिंग रिंग ठेवून सरळ दाबायचं असतं. जोरात ठोकल्याने स्प्रिंग निसटून आत पडली का? ओठ कोरडा ठेवून शाफ्ट घातला असेल तर पहिल्याच किलोमीटरमध्ये तो करपतो, म्हणून आधी तेल लावायचं. आणि सगळ्यात जास्त वेळा घडणारं म्हणजे शाफ्ट आत सरकवताना त्याचे दाते ओठावरून खरवडत जातात. दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा किंवा मदतनीसाला शाफ्ट उचलून धरायला सांगा. सीलवर शाफ्टचं वजन टेकू द्यायचं नाही.

२२. माझ्याकडे हेराल्ड आहे. हब कशानेच निघत नाही. जीपवाल्या मित्राचंही तेच. काय करावं?

निमुळत्या शाफ्टवर वर्षानुवर्षं बसलेला हब दोन-तीन पायांच्या साध्या पुलरला दाद देत नाही. चाकाच्या सगळ्या बोल्टना धरणारा जाड चकतीचा पुलर हवा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे ठेवा. हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा सुटतो. पुलर ताणून ठेवा, मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक घाव, पुन्हा ताण, आणि गरज पडली तर रात्रभर तसाच सोडा. जोडताना शाफ्ट आणि हब दोन्ही कोरडे पुसलेले हवेत, चावी नवी.

जीपमध्ये टेपर रोलर बेअरिंग असतील तर शाफ्टची आत-बाहेर हालचाल शिमने बसवावी लागते. बेअरिंग बदललं आणि शिम न मोजता जुन्याच टाकल्या, तर एकतर बेअरिंग जळतं किंवा सील मार खातं.

२३. गळती चाकात नाही, मधे आहे, जिथे गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट जोडतो. तेही याच कामात करून घेऊ?

ते पिनियनचं सील. दिसायला सोपं, पण नटाच्या घट्टपणावर पिनियनच्या बेअरिंगचा ताण ठरतो. नट, पिनियन आणि फ्लँज यांवर खूण करून, आटे मोजून काढा आणि मॅन्युअलच्या सूचनेप्रमाणेच परत आवळा. आत चेपणारा स्पेसर असेल तर जास्त आवळलेला नट सैल करून चूक दुरुस्त होत नाही, स्पेसर नवाच लागतो. तिथे पिनियन हलतही असेल तर सीलचा नाद सोडून डिफरेन्शियलवाल्याकडे जा.

२४. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करता येईल?

सेक्रेटरी परवानगी देत असेल तर सेमी-फ्लोटिंगचा शाफ्ट काढण्या-घालण्यापुरतं येईल. शाफ्ट घेऊन प्रेसवाल्याकडे जा, काम करून आणा. जमीन सपाट हवी, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे आणि एक्सलखाली दोन घोड्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. पोडियमवर फरशी असेल तर घोडीखाली जाड फळी टाका. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजला द्या, गटारात नको. डाग पडला तर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा, नाहीतर पुढच्या मीटिंगचा पहिला विषय तुम्हीच.

२५. पन्नास वर्षांपुढची गाडी आहे, व्हिंटेज नोंदणी करायची आहे. एक्सलच्या कामाने अडचण येईल का?

नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज ठरते. सील, बेअरिंग ही देखभाल झाली. अशी नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही, पण पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेण्याची मुभा नियमातच आहे.

२६. एकाच बाजूचं बेअरिंग आणि सील दर वर्षी जातं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. असं का?

या पानावरचं बाकी सगळं नीट असेल तर दोनच संशयित उरतात. शाफ्ट वाकलेला किंवा केसिंगची नळी वाकलेली. शाफ्ट लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजने फिरवून पाहा, लगेच कळतं. केसिंग जास्त फसवं. वर्षानुवर्षं कॅरिअरवर सामान लादून खड्ड्यांतून धावलेल्या टॅक्सीचा एक्सल, किंवा जॅक चुकीच्या जागी लावून उचललेली गाडी. त्या बाजूचा टायर एका कडेने झिजतो, ही पहिली खूण. दुसरी म्हणजे शाफ्ट शेवटच्या इंचाला दात्यांत जाताना जड जातो आणि वर किंवा बाजूला दाबून धरला तरच सरकतो. वाकलेली नळी प्रेसवर सरळ करणारे आहेत, पण त्यासाठी केसिंग पूर्ण रिकामं करावं लागतं. तेवढी उघडझाप करायचीच तर सरळ असलेलं दुसरं केसिंग शोधून आपले क्राउन-पिनियन त्यात बसवून घेणं बहुतेक वेळा परवडतं. बसवताना दात्यांची पकड रंग लावून नव्याने तपासून घ्या.